जुन्या फोटोंवरच्या सह्या

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आजवर मंडळात मी फार तर आभार मानायला उभी राहिले आहे. पण गेल्या वर्षी आपण घरोघरचे लढाईच्या काळातले जुने फोटो पाहण्याचे काम हाती घेतले, ते बरेचसे माझ्याच ओसरीवर झाले. तेव्हा त्याविषयी चार शब्द तूच सांग, असा अध्यक्षबाईंचा आग्रह पडला. मोठ्या माणसांचा शब्द मोडू नये म्हणून उभी राहिले आहे. बोलण्यात काही कमीजास्त झाले तर सांभाळून घ्या.

आपल्या कोल्हापूर-सातारा भागात असे घर विरळा, की ज्यातला कोणी ना कोणी पलटणीत गेला नाही. साताऱ्याकडच्या अपशिंगे गावाला तर लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ असेच म्हणतात. दुसरे महायुद्ध १९३९ ते १९४५ असे सहा वर्षे चालले. त्यात हिंदुस्थानच्या फौजेत पंचवीस लाखांच्या आसपास माणसे होती आणि सुमारे सत्याऐंशी हजार परत आली नाहीत. आपली मराठा पलटण आफ्रिकेत एरिट्रियातल्या केरेनला लढली, पुढे इटलीत लढली. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले. नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांना पाठीवर घालून आणले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही नावे पुस्तकांत आहेत. त्यांच्याबरोबर जे शेकड्यांनी होते, ते आपल्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत.

ट्रंकेतले हे फोटो आपण दिवाळीच्या झाडलोटीत बाहेर काढतो. कोणी विचारते, ‘हा कोण?’ सासूबाई म्हणतात, ‘असेल मामंजींच्या पलटणीतला कोणी.’ आणि फोटो परत ट्रंकेत जातो. असे दोन पिढ्या झाले की सांगणारे माणूस उरत नाही. मग फोटो असून नसल्यासारखा.

पुष्कळ फोटोंवर सह्या असतात. आपल्याला वाटते, सही आहे म्हणजे काम सोपे झाले, ज्याची सही त्याचा फोटो. तसे नसते, आणि हे आधी ध्यानात घ्यायला हवे. फोटोवर जे नाव दिसते ते फोटोतल्या माणसाचे असेल, किंवा ज्याने भेट दिला त्याचे असेल, किंवा ज्याला भेट मिळाला त्याचेही असेल. कधी ते फोटो काढणाऱ्याचेही असते. पलटणीतली मुले एकमेकांची ताटातूट होताना फोटोवर सह्या करून देत. आता समजा, दहा जणांच्या फोटोमागे आठच सह्या आहेत. मग उरलेले दोघे कोण? एक बहुधा तो, ज्याच्या घरी हा फोटो आहे. तो स्वतःच्या फोटोवर स्वतः कशाला सही करील? आणि सह्यांचा क्रम म्हणजे माणसांचा क्रम नव्हे. ज्याच्या हाती फोटो आधी आला त्याने आधी सही केली, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी गोष्ट लिपीची. त्या वेळचे आपले लोक बहुतेक मोडीत सही करीत. १९५० च्या सुमारास शाळांतून मोडी गेली आणि आजोबांची सही नातवाला वाचता येईना. मोडीत आधी ओळ आखतात आणि मग हात न उचलता अक्षरे ओढतात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळीत नाहीत. घाईत केलेली सही तर निव्वळ लाटा दिसतात. आमच्या शेजारच्या गावी एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांनी आम्हाला मोडी वाचून दाखवले. तेसुद्धा एक सही तीन वेळा वाचीत आणि म्हणत, ‘हे अक्षर ‘म’ही होईल आणि ‘स’ही होईल, मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही.’ जाणते माणूस कसे बोलते, ते मी त्यांच्यापाशी शिकले. मोडीखेरीज इंग्रजी अक्षरांतही सह्या सापडतात. फौजेत तेव्हा इंग्रजी अक्षरांत हिंदुस्थानी लिहिण्याची रीत होती आणि जवानांना ती शिकवीत. म्हणून इंग्रजी सही दिसली की तो गोरा साहेब किंवा मोठा शिकलेला असलाच पाहिजे, असे समजू नये.

तिसरी गोष्ट शाईची. फोटोमागे बॉलपेनने काही लिहिलेले असेल तर ते लढाईच्या वेळचे नव्हे, कारण तेव्हा आपल्या जवानांच्या हाती टाक, फाउंटन पेन किंवा शिसपेन्सिल असे. बॉलपेनचा मजकूर नंतर घरातल्या कोणीतरी, ऐकून किंवा अंदाजाने, लिहिलेला. तो टाकून देऊ नये, पण त्याच्यावर सगळा भार टाकू नये.

आता फोटोतच काय पाहायचे ते सांगते. यात मला आमच्या वाडीतल्या, फौजेतून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांची फार मदत झाली.

पहिले दंडावरच्या फिती पाहाव्यात. एक फीत असेल तर लान्स नाईक, दोन असतील तर नाईक, तीन असतील तर हवालदार. खांद्यावर एक तारा असेल तर जमादार, ज्याला पुढे १९६५ पासून नायब सुभेदार म्हणू लागले, आणि दोन असतील तर सुभेदार. घरात त्या माणसाचे डिस्चार्ज बुक असेल तर त्यात बढतीच्या तारखा असतात. बुकात माणूस १९४४ साली नाईक झाला असे असेल आणि फोटोत त्याच्या दंडावर काहीच नसेल, तर फोटो त्याच्या आधीचा. कुंडलीपेक्षा हे सोपे आहे.

दुसरे टोपीवरचा बिल्ला. मराठा पलटणीच्या बिल्ल्यात बिगूल आहे. बिल्ल्यावर राजमुकुट असेल तर फोटो १९५० पूर्वीचा धरावा. आपले प्रजासत्ताक झाल्यावर मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले.

तिसरे कपडे. आफ्रिकेत आणि अरबांच्या मुलखात खाकी अर्धी चड्डी आणि सुती सदरा, तर इटलीच्या थंडीत लोकरीचे आखूड जाकीट. ब्रह्मदेशात पुढे हिरवे कपडे आले आणि रुंद काठाची टोपी आली. बाहीवर डिव्हिजनची खूण असते. चौथ्या हिंदी डिव्हिजनचा लाल गरुड, पाचव्या डिव्हिजनचा काळ्यावर लाल गोळा. मात्र जुन्या काही फिल्मवर लाल रंग काळाच येई, तेव्हा रंगावर भुलू नये, आकार पाहावा.

चौथी गोष्ट छातीवरच्या रंगीत पट्ट्यांची. पदकाच्या या पट्ट्या म्हणजे तारीखच समजा. आफ्रिकेच्या पदकाची घोषणा १९४३ साली झाली. इटलीच्या पदकाची घोषणा मे १९४५ मध्ये, लढाई संपल्यावर झाली. म्हणजे छातीवर इटलीची पट्टी असेल तर तो फोटो मे १९४५ च्या आधीचा असूच शकत नाही. ही पट्टी ओळखायची कशी? तिच्यात लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल असे पाच सारखे पट्टे असतात. काळ्यापांढऱ्या फोटोत दोन पांढऱ्या रेघा आणि त्यांच्या आजूबाजूला गडद रंग, असे ते दिसते. भिंग घ्यावे आणि दाराच्या उजेडात पाहावे.

पाचवे, फोटोची पाठ. पोस्टकार्डाच्या आकाराच्या फोटोमागे ‘कार्तोलिना पोस्ताले’ छापलेले असेल तर कागद इटलीचा. ‘कार्त पोस्ताल’ ही अक्षरे फ्रेंच. सीरिया, लेबनॉन, इजिप्त या बाजूला अशी कार्डे मिळत. ‘फेरानिया’ हे नाव इटलीतल्या फोटोचा कागद करणाऱ्या कंपनीचे. स्टुडिओचा शिक्का असला तर सोन्याहून पिवळे.

आणि एक बारीकशी खूण. कधी कधी काच उलटी धरून फोटो छापलेला असतो. मग डावा कान उजवा होतो. सदऱ्याची बटणे कोणत्या बाजूला आहेत आणि खांद्यावरची अक्षरे सरळ आहेत की उलटी, ते पाहिले की कळते. शिवणकाम करणाऱ्या आपल्या मैत्रिणींना हे माझ्याआधी दिसले, हे मुद्दाम सांगते.

भगिनींनो, हे सगळे कशासाठी करायचे, असे कोणी विचारील. एवढ्या वर्षांनी नाव चुकले काय आणि बरोबर आले काय. त्याचे उत्तर म्हणून आमच्या आळीतली एक हकिगत सांगते. ज्यांची आहे त्यांची परवानगी घेतली आहे, त्या इथेच पुढच्या रांगेत बसल्या आहेत. नाव घेत नाही, आपण त्यांना आक्काच म्हणतो.

आक्कांचे वडील पाचव्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत होते. ते दर्यापार गेले तेव्हा आक्का आईच्या पोटात होत्या. इटलीत १९४३ च्या हिवाळ्यात ते पडले. बापाने लेकीचे तोंड पाहिले नाही आणि लेकीने बापाचे. घरी तार आली, पेन्शन आली, पण फोटो एकही नव्हता. आक्का आता ऐंशीच्या पुढे आहेत.

माझे आजेसासरे त्याच पलटणीत होते आणि ते परत आले. त्यांच्या ट्रंकेत नऊ जवानांचा एक फोटो निघाला. मागे ‘फेरानिया’ छापलेले, आठ सह्या, आणि निळ्या बॉलपेनने ‘इटली १९४३’. गुरुजींनी सह्या वाचल्या. पाचवी सही वाचली आणि सगळे गप्प झाले. आक्कांच्या वडिलांचे नाव आणि आडनाव. मधले बापाचे नाव नव्हते.

मग काय, आळीभर गलका झाला. जो तो येऊन फोटो पाही आणि म्हणे, ‘हा उजवीकडचा. नाक बघा, थेट आक्कांचे.’ आक्कांच्या नातवाने तर तो चेहरा मोठा करून आणायचे, फ्रेम करायचे, हार घालायचे, असे सगळे ठरवूनही टाकले. आक्कांनी मला एका बाजूला घेतले आणि म्हणाल्या, ‘पोरी, सगळे म्हणतात म्हणून मी हो म्हणणार नाही. तू भिंग घेऊन बसतेस. मला खरे काय ते सांग.’

मी भिंग घेऊन बसले. आजेसासरे फोटोत मधल्या रांगेत आहेत, त्यांना आम्ही सगळे ओळखतो. त्यांच्या दंडावर दोन फिती आहेत. डिस्चार्ज बुकात ते १९४४ साली नाईक झाल्याची नोंद आहे. मग फोटो १९४३ चा कसा? छातीवर पट्ट्या पाहिल्या. दोन पांढऱ्या रेघा. सुभेदारांना दाखवल्या. ते म्हणाले, ‘इटली स्टार. मे १९४५ नंतरचा फोटो.’

म्हणजे या फोटोत आक्कांचे वडील नाहीत. ते असूच शकत नाहीत. त्याआधी दीड वर्ष ते गेलेले होते. सही करणारा त्याच नावाचा, त्याच आडनावाचा दुसराच कोणी जवान. आपल्याकडे एका नावाची दहा माणसे एका गावात असतात, मग पलटणीत असतील यात नवल ते काय?

घरच्या माणसांनी मला विनवले. म्हणाले, ‘म्हाताऱ्या माणसाला समाधान आहे तर असू दे की. कोणाचे काय बिघडते?’ माझाही जीव वरखाली झाला. पण दोन गोष्टी माझ्या मनात आल्या. आक्कांनी हार घातला असता तो कोणाला? दुसऱ्या कोणाच्या तरी बापाला, आजोबाला. तो कदाचित घरी परत आला असेल, म्हातारा होऊन गेला असेल. त्याच्या घरचे लोक त्याचा हाच फोटो शोधीत असतील. आणि दुसरे म्हणजे, एकदा हा चेहरा भिंतीवर लागला की खऱ्या चेहऱ्याचा शोध तिथेच थांबला. मी जाऊन आक्कांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पदराने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, ‘बरे झाले सांगितलेस. बस, चहा घे.’

त्यानंतर आम्ही दोन कामे केली. पहिले काम माझ्या कॉलेजातल्या मुलीने केले. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन नावाची एक संस्था १९१७ पासून आहे. दोन्ही महायुद्धांत पडलेल्या माणसांची नोंद ती ठेवते आणि आता ती नोंद फोनवरही पाहता येते. ज्या जवानांना अग्नी दिला त्यांची थडगी नसतात, म्हणून त्यांची नावे स्मारकावर कोरलेली असतात. इटलीत सांग्रो नदीजवळ असे एक स्मारक आहे, त्यावर पाचशेहून अधिक हिंदी जवानांची नावे आहेत. फोर्ली गावी आणखी एक आहे. मुलीने आडनाव तीन-चार प्रकारे लिहून पाहिले, कारण साहेब लोकांनी आपली नावे कानाला येतील तशी लिहिली आहेत. शेवटी नोंद मिळाली. हुद्दा लान्स नाईक. पलटणीचा नंबर, मृत्यूचा दिवस, वडिलांचे नाव, आपल्या गावाचे मोडकेतोडके नाव, आणि ‘पत्नी’ म्हणून आक्कांच्या आईचे नाव. आक्का म्हणाल्या, ‘माझ्या आईचे नाव तिकडे सातासमुद्रापलीकडे लिहून ठेवले आहे आणि मला ऐंशी वर्षांनी कळते.’

दुसरे काम म्हणजे आजेसासऱ्यांची ट्रंक पुन्हा तळापर्यंत पाहणे. नऊ जणांच्या फोटोच्या नादात बाकीचे फोटो आम्ही नुसते चाळले होते. त्यांत एक पोस्टकार्डाएवढा फोटो होता. दोन जवान, एक खुर्चीवर बसलेला, एक उभा, मागे रंगवलेला पडदा. बसलेले आमचे आजेसासरे. त्यांच्या कानाची पाळी लहानपणी फाटलेली होती, ती खूण सगळ्या फोटोंत त्याच कानाला आहे, आणि बटणे सरळ बाजूला, म्हणजे फोटो उलटा छापलेला नाही. त्यांच्या दंडावर फीत नाही. उभ्या जवानाच्या दंडावर एक फीत. मागे ‘कार्त पोस्ताल’ आणि दमास्कसच्या स्टुडिओचा शिक्का. आठवी हिंदी डिव्हिजन, जिच्यात ही पलटण होती, ती १९४३ च्या सप्टेंबरात इटलीत उतरली. त्याआधी ती त्याच मुलखात होती. आणि पाठीवर शिसपेन्सिलीने मोडीत दोन ओळी. गुरुजींनी त्या उजेडाला तिरक्या धरून वाचल्या. ‘लान्स नाईक’, मग नाव, या खेपेस बापाच्या नावासकट, आडनाव, आणि पुढे ‘यांजकडून मित्रास भेट’. खाली १९४३.

आता तुम्ही म्हणाल, झाले, मिळाला फोटो. पण मी मघाशीच सांगितले, भेट देणारा फोटोत असेलच असे नाही. तिसऱ्याच कोणी हा फोटो दिला असेल, असे कोणी म्हटले तर ते अगदीच खोडून काढता येत नाही. मात्र हुद्दा जुळतो, फीत जुळते, साल जुळते, गाव-मुलूख जुळतो. म्हणून आम्ही वहीत लिहिले, ‘उभे असलेले, बहुतेक आक्कांचे वडील’. खात्रीने असे लिहिले नाही.

फोटो आक्कांना दिला तेव्हा हा ‘बहुतेक’ शब्द वाचून दाखवताना माझाच आवाज बसला. त्या पुष्कळ वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘बहुतेक तर बहुतेक. आजवर नुसते नाही होते.’

तो फोटो आज आक्कांच्या देवघराशेजारी आहे. हार घातलेला नाही, नुसते फूल असते. आणि नऊ जणांच्या फोटोतला तो त्याच नावाचा जवान कोणाच्या घरचा, ते आम्ही अजून शोधीत आहोत. आज मंडपाच्या दाराशी त्या फोटोची मोठी प्रत लावली आहे. जाताना कृपा करून पाहून जा.

आणखी एका प्रकारच्या फोटोंविषयी थोडक्यात सांगते, कारण तेही आपल्याच भागात निघतात. वळिवड्याला, जिथे आता गांधीनगर आहे, तिथे १९४३ ते १९४८ पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसे, त्यांतल्या बहुतेक बायका आणि मुले. १९४०-४१ साली रशियनांनी त्यांना घरांतून उचलून सैबेरिया, कझाकस्तानकडे नेले होते. तिथून सुटून ती इराणमार्गे इकडे आली. त्यांचे पुरुष जनरल आंडर्स यांच्या फौजेत होते. त्याच पोलिश फौजेने १८ मे १९४४ रोजी इटलीत मोंते कासिनोचा मठ घेतला, आणि त्याच लढाईत त्या डोंगराखालची नदी ओलांडायला आपली आठवी हिंदी डिव्हिजन होती. म्हणजे आपल्या बायका इकडे वाट पाहत होत्या, त्यांच्याही बायका इकडेच वाट पाहत होत्या, आणि दोघींची माणसे तिकडे एकाच डोंगराखाली.

छावणीत दूध, भाजी, लाकूडफाटा पुरवणाऱ्या, शिवणटिपण करणाऱ्या घरांतून या लोकांचे फोटो सापडतात. निघताना त्यांनी सही करून दिलेले. ‘ना पाम्योंतके’ अशा अर्थाची अक्षरे असतील तर ‘आठवणीसाठी’ असे समजावे. आडनावाच्या शेवटी ‘स्का’ असेल तर सही बाईची, ‘स्की’ असेल तर पुरुषाची. तारखेत महिना रोमन आकड्यात असतो. आमच्याकडे आलेल्या एका फोटोत आठ-नऊ वर्षांच्या मुली पांढरे झगे, डोक्याला जाळीचा पदर आणि हातात मेणबत्ती घेऊन उभ्या आहेत. घरची माणसे इतकी वर्षे म्हणत, ‘त्यांच्यातही लहानपणी लग्ने लावीत.’ ते लग्न नव्हे. कॅथलिक लोकांत मुलांना देवळातला पहिला प्रसाद देतात, त्या विधीचा तो फोटो. आपल्याकडच्या मुंजीसारखा तो सोहळा म्हणायचा. रंगीबेरंगी फिती, मण्यांच्या माळा आणि भरतकामाची बंडी दिसली तर तो नाचगाण्याचा कार्यक्रम समजावा. म्हणून प्रसंग ओळखताना आपल्या चालीरीतींचा चष्मा जरा बाजूला ठेवावा. ही मुले वृद्ध होऊन २०१९ साली कोल्हापूर पाहायला आली होती, आणि त्यांच्या वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. ते आपल्याला विसरले नाहीत. आपल्या ट्रंकेत त्यांच्यापैकी कोणी असेल तर तिला नाव मिळाले पाहिजे.

आता शेवटी, घरी गेल्यावर काय करायचे ते सांगते आणि बसते.

फोटोवर पेनने काही लिहू नका. लिहायचेच तर मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने. फ्रेमला किंवा वहीला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, पाण्यात तर मुळीच घालू नका. पुढून आणि मागून असे दोन्ही बाजूंनी फोनवर फोटो काढून ठेवा. पुष्कळ माणसे असतील तर वर बटर पेपर ठेवून डोक्यांचे आकार काढा आणि त्यांत आकडे घाला, म्हणजे मूळ फोटो बिघडत नाही.

म्हाताऱ्या माणसांना एकेकटे विचारा. चौघांना एकत्र बसवले की ज्याचा आवाज मोठा त्याचेच खरे होते. ‘हा अमका ना?’ असे विचारू नका, ‘हा कोण?’ एवढेच विचारा. त्यांना थकवू नका, पण उद्यावरही टाकू नका.

आणि वहीत तीन रकाने करा. पहिला ‘खात्रीने’, दुसरा ‘बहुतेक’, तिसरा ‘ठाऊक नाही’. कोणी सांगितले आणि कधी सांगितले, तेही लिहा. तिसरा रकाना भरताना कमीपणा मानू नका. आज आपण तिथे खोटे नाव घातले तर उद्या खरे नाव सांगणारा आला तरी त्याला जागा राहणार नाही.

डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, जुनी पाकिटे जपून ठेवा. अडले तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. आणि दर शनिवारी दुपारी माझी ओसरी उघडी आहे. भिंग आहे, गुरुजी येतात, सुभेदार येतात. चहाची व्यवस्था मी करते, फोटो तुम्ही आणा.

आपल्या घरांतले पुरुष लढाईवर गेले ते नाव मिळवण्यासाठी गेले असे मी म्हणणार नाही. पुष्कळसे पोटासाठी गेले. पण गेले ते नावानिशी गेले. ते नाव ज्याचे त्याला परत देणे, एवढे घरात बसून, सातवी शिकलेल्या बाईलाही करता येते. आपण सगळ्या मिळून केले तर पुष्कळ होईल.